कारवारचे सहा टक्के

माझ्या बाबांनी चार माणसांना फसवण्यासाठी जो कागद वापरला, तो मी टाइप केला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे लिहिताना मी स्वतःला वाचवत राहीन.

बाबा ओमानमध्ये सोहारच्या बंदराजवळ एका फॅब्रिकेशन यार्डात, लोखंडी सांगाडे बनवतात तिथे, फोरमन आहेत. दहावी नापास झाल्यावर वेल्डिंग शिकले आणि आखातात आले. आई सातवीपर्यंत शिकली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पुण्यात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि सुट्टी लागली की सोहारला येते.

बाबा आणि यार्डातले चौघे मिळून दर महिन्याला शेजारच्या देशातल्या एका सोडतीचं तिकीट काढायचे. ऑनलाइन, बाबांच्या कार्डावरून आणि बाबांच्याच नावावर, कारण बाकीच्यांकडे ना कार्ड ना ईमेल. ओमानमध्ये जुगार चालत नाही, त्यामुळे या तिकिटाबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे. पाच जण, पाच सारखे वाटे, एवढाच तोंडी करार.

त्या चौघांत सगळ्यात मोठे वसईचे अंकल. पाइप फिटर. बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, पण बाबांना ‘भाऊ’ म्हणायचे. त्यांचं कंत्राट संपलं होतं आणि महिनाअखेरीस ते कायमचे घरी जाणार होते. दुसरे कारवारचे काका, क्रेनच्या खाली उभं राहून हाताच्या खुणा करणारे. उरलेले दोघे मालवणकडचे सख्खे भाऊ, यार्डात परांची बांधायचे. चौघेही कंपनीच्या कामगार कॅम्पात राहायचे.

या सुट्टीत त्या तिकिटाला बक्षीस लागलं. पहिलं नाही, पण तिथले एक लाख दिरहम. प्रत्येकी वीस हजार.

वसईच्या अंकलनी त्याच दिवशी फोनवर आईला सांगितलं होतं, “वहिनी, माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे आता होणार. डॉक्टरने जेवढे सांगितले, बरोबर तेवढेच आले. देवाने मोजून दिले.” त्यांची बायको तीन वर्षं घरातल्या घरात आधाराला खुर्ची ढकलत चालत होती. आईला त्या फोनने रडू आलं होतं.

आठवडाभराने, गुरुवारी संध्याकाळी, बाबा माझ्या लॅपटॉपशेजारी येऊन बसले.

“तू मागे म्हणाली होतीस ना, लॉटरीवर तीस टक्के कर कापतात?”

मी म्हणाले होते खरं. कॉलेजात आयकराचा विषय सुरू झाला तेव्हा बाबांनी फोनवर विचारलं होतं, काय शिकवतात गं? माझ्या अभ्यासाबद्दल त्यांनी तोवर कधी विचारलं नव्हतं. मी इतकी खूश झाले की अर्धा तास बोलत राहिले. भारतात लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट तीस टक्के. गरीब असो की श्रीमंत, सूट नाही, तिकिटाचा खर्चसुद्धा वजा होत नाही. वर उपकर. बाबा ‘हां, हां’ म्हणत होते. मला वाटलं होतं, त्यांना कौतुक वाटतंय.

“हो, पण ते भारतातल्या लॉटरीवर,” मी म्हटलं. “तुम्ही इथे राहता, बक्षीस दुसऱ्या देशातलं, पैसे इथेच आले. तुम्हाला कर नाही. इथेही पगारावर कर नाही.”

“ते मला माहीत आहे.”

मग मला कळेना, विचारताहेत कशाला. त्यांनी खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा काढला. त्यावर पेनाने लिहिलं होतं, केंद्र ३०, राज्य ५.

“याचा एक नीट तक्ता कर. वीस हजारातून सात हजार कर, हातात तेरा. चार प्रती काढ.”

“बाबा, राज्य सरकार आयकर घेतच नाही. कुठलंच. आयकर फक्त केंद्राचा असतो.”

“त्यांना कुठे माहीत आहे?”

हे ते अगदी साधं बोलले. ओशाळले नाहीत, आवाज खाली नेला नाही. जसं एखादा म्हणेल, दूध संपलंय, येताना आण.

“आणि उद्या जेवायला बोलावलंय सगळ्यांना. तूच वाचून दाखव. माझं कुणी ऐकणार नाही, तुझं ऐकतील. तू शिकलेली आहेस.”

“मी नाही वाचणार.”

“तुझं शेवटचं वर्ष, हॉस्टेल, पुढे तुला सीए करायचंय म्हणतेस, ते काय हवेतून येणार? तिकीट माझं, कार्ड माझं. पकडलो असतो तर नोकरी माझी गेली असती. त्यांची नाही.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं आणि आत जाऊन नळ सोडला.

मी तक्ता केला. का केला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बाबांना नाही म्हणायची सवय नव्हती, हे एक. पण आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला लाज वाटते. तक्ता करताना मी त्यात रमले. रकाने आखले, मथळे ठळक केले, नुसतं ‘राज्य’ उघडं दिसत होतं म्हणून ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलं. खरा उपकर घातला असता तर आकडे तुटके येत होते, म्हणून तो वगळला. खोटं नीटनेटकं दिसावं म्हणून मी खरी गोष्ट काढून टाकली, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शुक्रवारी नमाज संपून रस्त्यावरची गर्दी ओसरल्यावर चौघे आले. इस्त्रीचे शर्ट घालून. मालवणच्या भावांनी माझ्यासाठी चॉकलेटचा मोठा डबा आणला होता. आईने सुरमई तळली होती, सोलकढी केली होती. सगळे जमिनीवर बसले. जेवताना नुसती मस्करी चालली होती. कारवारचे काका धाकट्या भावाला म्हणत होते, “आता तरी नवीन बूट घे रे, तुझ्या बुटातून क्रेन दिसते.”

ताटं उचलली गेली आणि बाबांनी मला हाक मारली.

मी कागद वाटले आणि वाचून दाखवलं. मान वर केली नाही. त्यांना वाटलं असणार, मुलगी लाजते आहे. वाचून झालं तेव्हा थोरला भाऊ कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का बघत होता.

मग कारवारचे काका म्हणाले, “फोरमन, एक शंका. ह्यात महाराष्ट्र लिहिलंय. मी तर कर्नाटकचा.”

बाबांनी हे लक्षातच घेतलं नव्हतं. म्हणाले, “हां, तुझं वेगळं आहे. कर्नाटकचा सहा टक्के.”

“सहा? का म्हणून? आमच्याकडे सरकार काय सोनं वाटतंय?”

“समुद्र आहे ना तुमच्याकडे, त्याचे पैसे,” वसईचे अंकल म्हणाले.

“समुद्र वसईला नाही काय?”

धाकटा भाऊ म्हणाला, “गोव्याचो कमी असतलो. माझी सासुरवाडी गोव्याक आसा. माका गोव्याचोच धरा.”

“सासऱ्याला वाटा देशील मग?” अंकल म्हणाले.

सगळे हसले. बाबाही हसले. नसलेल्या कराचा भाव ही माणसं मासळीबाजारासारखा करत होती, आणि बाबा त्यात भाव सांगत होते. आपल्या अंगावर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता, आणि हसताना ते बाबांच्या मांडीवर थाप मारत होते.

“फोरमनला राहू दे,” कारवारचे काका माझ्याकडे वळले. “बेटी, तू सांग. कर्नाटकचा खरंच सहा?”

तेव्हा मी खरं बोलू शकले असते. सगळे माझ्याकडेच बघत होते, शब्द माझ्याच तोंडात होता. मी म्हटलं, “नाही काका. कर्नाटकचाही पाचच.”

काकांनी दोन्ही हात जोडले. “बघा! शिकलेलं माणूस घरात असलं की असं असतं. माझे दोनशे दिरहम वाचवले पोरीने.”

त्यांचा तो आनंद मला अजून विसरता येत नाही. सात हजार लुटले जात असताना दोनशे वाचवल्याबद्दल ते माझे आभार मानत होते. मला माझ्या जिभेची किळस आली. खरंच किळस, तोंडात काही सडलेलं आहे आणि थुंकता येत नाही तशी.

वसईचे अंकल एवढा वेळ कागदाकडे पाहत होते. ते हळूच, कुणाला उद्देशून नाही असं, म्हणाले, “मग एकच गुडघा करू आता. डावा जास्त दुखतो तिचा. उजवा बघू पुढे.” मग त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. “बाय, इथे खाली सही कर. तिला दाखवायला. नाहीतर ती म्हणेल, म्हातारा पैसे उडवून आला. सांगेन, कॉलेजातल्या मुलीने हिशेब केलाय.”

मी पेन घेतलं. टोक कागदाला लागलं. कागदावर मी केलेले सरळ रकाने होते, आणि आता त्याखाली माझं नाव येणार होतं. तो कागद वसईला जाणार, आणि एक बाई एका गुडघ्यावर खुर्ची ढकलत तो कपाटात जपून ठेवणार.

“अंकल,” मी म्हटलं, “हे खोटं आहे. असा कर नाहीच. एक दिरहमसुद्धा कापलेला नाही. तुमचे वीस हजार आहेत. सगळ्यांचे.”



मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. बाबांना कुणी शिव्या देईल, कदाचित अंगावर जाईल. यातलं काहीच झालं नाही. कारवारचे काका हसले. मोठ्याने, तोंड भरून हसले. “मस्करी करते पोरगी! फोरमन, तुमची मुलगी वकील होणार.” आणि कागदाची घडी करून खिशात टाकली. थोरल्या भावाने धाकट्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “चला मगे, गाडी येतली कॅम्पातली.” धाकट्याने विचारलं, “म्हणजे कर नाय?” थोरल्याने त्याच्या दंडाला धरून उठवलं. “गप ऱ्हव.”

मला समजायला वेळ लागला. त्यांचा ओव्हरटाइम बाबा लिहितात. सुट्टीच्या अर्जावर पहिली सही बाबांची. उन्हात कोण उभं राहणार आणि सावलीत कोण, हे बाबा ठरवतात. त्या तिघांना माझं बोलणं पहिल्या शब्दाला कळलं होतं. कळलं होतं, म्हणूनच ते ऐकायला तयार नव्हते.

वसईचे अंकल मात्र उठले नाहीत.

“भाऊ,” ते म्हणाले, “मी एकोणतीस तारखेला चाललो. मला तुझ्याकडून आता काही लिहून घ्यायचं नाही. माझे वीस दे.”

“अंकल, तुमचं वेगळं बघू आपण, आरामात...”

“वेगळं नको. वीस दे. मी बसलोय.”

बाबांनी आतून आणून दिले. तिघांना तेराची पाकिटं, अंकलच्या पाकिटात आणखी सात. बाकी तिघे दारात चपला घालत होते, त्यांच्या समोर. अंकलनी नोटा मोजल्या, दोनदा. तिघांनी ते पाहिलं. “यल्ला, यल्ला, चला,” कारवारचे काका म्हणाले आणि जिना उतरले.

अंकल निघताना माझ्याशी बोलले नाहीत. डोक्यावर हात ठेवतील असं मला कुठेतरी वाटत होतं, हे आता आठवलं की शरम वाटते. त्यांनी मला आधी खोटं वाचताना ऐकलं होतं.

त्या दिवसापासून बाबांच्या शेजारी बसून जेवणं मला जड जाऊ लागलं. ते भात कालवायचे तो आवाजसुद्धा नकोसा व्हायचा. त्यांनी मला मारलं नाही, एक शब्द बोलले नाहीत. उलट चार दिवसांनी चहा पिताना म्हणाले, “बघितलंस ना? तिघांना चाललं. तुलाच चाललं नाही.” जणू त्यांचं बरोबर असल्याचा पुरावा मीच मिळवून दिला होता.

मी कारवारच्या काकांना फोन केला. म्हटलं, काका, मी लेखी देते, कर नाही म्हणून. तुम्ही तिघं मिळून मागा. पलीकडे यार्डातला खडखडाट ऐकू येत होता.

“बेटी,” ते म्हणाले, “तू पुण्याला जाशील. मला उद्या सकाळी पाच वाजता तुझ्या बाबांच्या समोर उभं राहायचंय. जाऊ दे. तेरा पण खूप झाले.” मग आवाज खाली आणून, “आणि परत फोन नको करू. ते इथेच आहेत.”

महिनाअखेरीस अंकल गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी आईला फोटो पाठवला. बाई पलंगावर बसलेली, दोन्ही पायांना पांढरी बँडेजं. आई फोन माझ्यापुढे धरून हसत होती. मीही पाहिलं. दोन्ही गुडघे. मला बरं वाटलं, नाही असं नाही.

पण त्याच आठवड्यात बाबांनी माझी वर्षाची फी भरली. कुठल्या पैशातून, ते मी विचारलं नाही. तिघांचे ते एकवीस हजार दिरहम घरातच होते आणि मला ते माहीत होतं. मी ‘भरू नका’ म्हटलं नाही. पुण्याला आले. आयकराच्या तासाला पहिल्या बाकावर बसते, सर विचारतात तेव्हा हात वर करते, आणि माझी उत्तरं बरोबर येतात.