अपूर्ण वर्तमानकाळ

त्या वर्षी सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. पुण्याच्या कडेला वारज्यात तेव्हा शेतं मिटून इमारती उभ्या राहत होत्या आणि दर जूनला वर्गात नवनवीन गावं येऊन बसत. आयटी कंपन्यांत नोकरी लागलेल्यांची मुलं, त्या कंपन्यांच्या गाड्या चालवणाऱ्यांची मुलं, आणि ज्यांच्या आजोबांच्या शेतांवर या इमारती आल्या ती गावठाणातली मुलं, सगळी एकमेकांना खेटून.

पहिल्या सत्रात मराठीच्या व्याकरणात काळ होते. साधा वर्तमानकाळ मुलांनी चटकन उचलला. अपूर्ण वर्तमानकाळाचं उदाहरण विचारलं, तेव्हा खिडकीजवळच्या मुलीनं हात वर केला. ती जूनमध्येच अकोल्याकडून आली होती. वडील एका कंपनीची गाडी चालवायचे. उभी राहून स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "मी शाळेत जाऊन राहिली."

वर्ग हसला. मागून कुणीतरी विचारलं, "राहिली? मग घरी कधी येणार?" असलं बोलणं पुण्याच्या मुलांना शिकवावं लागत नाही. मी त्यांना दटावलं आणि तिच्याकडून 'मी शाळेत जात आहे' असं म्हणवून घेतलं. ती तसं म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर तिचा हात वर आला नाही. वह्या पूर्ण असायच्या, अक्षर नेटकं, दशांश अपूर्णांकांची गणितं बरोबर. भूगोलाच्या तासाला नकाशातली पूर्व विचारली, तर उठून फळ्यापाशी यायची आणि बोट ठेवायची. नवीन आहे, रुळेल, असं मला वाटत राहिलं. गणपती गेले, दसरा जवळ आला, तरी उत्तरं बोटानंच. मग मी तिच्या आईला बोलावून घेतलं.

त्या आल्या आणि दाराशीच थांबल्या. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला टेकल्या. मी काहीही विचारलं की मान हलवायच्या. घरीसुद्धा ती अशीच गप्प असते का, असं विचारलं तेव्हा त्यांनी आधी मागं वळून बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

"पहिले लय बोले, बाई," त्या म्हणाल्या. "आता मी काही बोलली का म्हणते, आई, असं नाही म्हणत इथं. म्हणून मग मीच गप राहते."

त्या गेल्यावर मला माझी आई आठवली. लग्न होऊन कोकणातून पुण्यात आली, त्यानंतर कितीतरी वर्षं ती वाण्याच्या दुकानात बोट दाखवून जिन्नस मागायची. मी लहान होते. मला वाटायचं, तिला वस्तूंची नावं माहीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अपूर्ण वर्तमानकाळ घेतला. मुलं कुरकुरली, झालाय तो, बाई. मी फळ्यावर 'मी जात आहे' लिहिलं आणि म्हटलं, परीक्षेत हे लिहायचं. पण हेच तुमच्या घरी कसं म्हणतात ते मला सांगा. सुरुवात मीच केली. माझी आई 'मी जातंय' म्हणायची, असं सांगून ते खाली लिहिलं.

गावठाणातला एक मुलगा म्हणाला, त्याची आजी 'चाललीया' म्हणते. मग हात वर यायला लागले. मोठ्या सोसायटीतली एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "बाबा 'ऑन द वे आहे' म्हणतात. म्हणजे ते अजून ऑफिसातच असतात." वर्ग हसला, पण हे हसणं निराळं होतं. ऑन द वेसुद्धा मी लिहून घेतलं.

फळा भरत आला. मी खिडकीकडे मुद्दामच बघितलं नाही. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला, बारीकसा.

"बाई, आमच्याकडे 'जाऊन राहिली' म्हणतात."

मी लिहिलं. मागून कुणी काही बोललं नाही. फक्त तिच्या शेजारणीनं विचारलं, मुलगा असेल तर? ती वळून तिला समजावू लागली, "मग 'जाऊन राहिला'." पाठोपाठ 'येऊन राहिली', 'खाऊन राहिली' असं बरंच काही तिनं सांगून टाकलं. त्या दिवशी पुढचा धडा राहूनच गेला.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिची शेजारीण 'का' ऐवजी 'काऊन' विचारायला लागली होती. शिक्षकांच्या खोलीत एका बाईंनी मला विचारलं, आपल्या वर्गात व्याकरण शिकवतात की बिघडवतात? मी म्हटलं, दोन्ही.

सत्राच्या निकालाला तिच्या आई पुन्हा आल्या. पेपर बघायच्या आधीच त्यांनी विचारलं, वर्गात बोलते का आता? मी सांगितलं, कधीकधी गप्प बस म्हणावं लागतं. त्या हसल्या आणि खुर्चीत नीट मागं टेकून बसल्या. मग त्यांच्या गावाकडचं ऊन, तिथलं घर, इथं न मिळणाऱ्या भाज्या, असं कितीतरी त्या सांगत राहिल्या. मुलगी शेजारी उभी होती. तिनं आईला एकदाही अडवलं नाही.