अर्धा इंच कमी

ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे दोन प्रकारचा माल साठतो. कापडाच्या चिंध्या आणि बायकांचे किस्से. चिंध्या मी उशांत भरते. किश्शांचं काय करायचं ते तीस वर्षांत कळलेलं नाही.

सातपाटीत आमच्या आळीच्या मारुतीच्या देवळात आम्हा बायकांचं भजनी मंडळ आहे. बाराजणी. बहुतेक मासे विकणाऱ्या, मी एकटी शिवणवाली. सगळ्यांची मापं माझ्या वहीत आहेत, त्यामुळे माझ्यासमोर कुणी पोट आत ओढून उभं राहत नाही. यातले बरेच किस्से जयवंतीचे. जयवंती माझी शाळेपासूनची मैत्रीण. पालघरच्या बाजारात मासळी विकते. अंगाने चांगली भरलेली, आणि आवाज असा की ती गायला लागली की आम्ही बाकीच्या नुसतं तोंड हलवलं तरी चालायचं.

* * *

मासवणला भजनस्पर्धा होती. स्टेज फळ्यांचं. जयवंती मांडी घालून बसली आणि खालची फळी करकरली. माइकवरचा माणूस म्हणाला, "सातपाटीचं मंडळ भलतंच वजनदार दिसतंय." अख्खा मांडव हसला. जयवंतीही हसली. मी पण हसले.

मग ती गायली आणि मांडव गप्प झाला. पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं. परतताना टेम्पोत सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. ती बक्षिसाची ढाल मांडीवर धरून बसली होती. म्हणाली, "गानं कोनाच्या लक्षात रायचं नाय. फळी रायल."

* * *

आमच्या मंडळाच्या प्रमुख हिराकाकी. सत्तरी ओलांडलेल्या, अंगावर मांस म्हणून नाही. त्यांनी ठरवलं की वजन उतरावं म्हणून मारुतीला साकडं घालायचं. शनिवार धरायचे आणि रोज संध्याकाळी देवळापासून बंदरापर्यंत देवाचं नाव घेत चालायचं. "चालायचं काम तुमचं. वजनाचं तो बगंल."

पहिल्या दिवशी आम्ही रांगेत निघालो. वाळत घातलेल्या बोंबलांपाशी कुणाची तरी चुलत जाऊ भेटली. पुढे कुणाची विहीण. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या बोटीवर कोण भांडलं, हे सगळं ऐकल्याशिवाय पाय पुढे पडेना. दीड तासाने परत आलो तेव्हा प्रत्येकीच्या पदरात मूठभर जवळा होता.

हिराकाकींनी विचारलं, "नाव किती घेतलं?"

आमची रेखा खरं बोलणारी. म्हणाली, "देवाचं एकदा घेतलं, काकी. बाकीच्यांना नावं ठेवली."

* * *

या रेखाचा नवरा बोईसरला कंपनीत. त्याच्या तिथल्या सोबत्याच्या बायकोने तिला वजन उतरवायच्या पावडरीचा डबा दिला. "भाभी, एक महीने में देखना." रेखाने विचार केला की उघडायच्या आधी डबा देवाच्या पायाशी ठेवावा. ठेवला, कुंकू लावलं आणि घरी भात लावायला गेली.

तेवढ्यात हिराकाकी आल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी प्रसादाला दिलंय. त्यांनी डबा फोडला, दुधात कालवला, वर केळी आणि साखर घातली आणि आरतीनंतर वाटून टाकला. रेखा आली तेव्हा तळाला राहिलेलं तिला मिळालं.

जयवंती दोन पेले प्यायली. कुणीतरी तिच्याकडे बघितलं, तशी म्हणाली, "प्रसादानं वजन वाढत नाय." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

* * *

जयवंतीला मात्र हे सगळं गमतीचं नव्हतं. पालघरच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या देऊन सांगितलं होतं, साखर वाढलीय, गुडघे जातील, वजन उतरवा. तिने शनिवार धरला. मग सोमवार. मग गुरुवार. उपासाला साबुदाणा, बटाटा, दाण्याचा लाडू.

महिन्याभराने ती ब्लाउजचं माप द्यायला आली. डोळे मिटून, हात जोडून उभी राहिली. ओठ हलत होते. मी टेप लावला. वहीतल्यापेक्षा इंचभर जास्त.

"किती गो?" तिने डोळे न उघडता विचारलं.

मी म्हटलं, "अर्धा इंच कमी."

का म्हटलं, ते मी स्वतःला बरेचदा विचारलंय. मी पहिल्यापासून काडी. मला कुणी स्टेजवर हसलं नाही. तिच्या तोंडावरची ती आशा बघवेना, एवढंच. तिने मला मिठी मारली, आणि तशीच देवळात गेली नारळ घेऊन.

ब्लाउज मी दोन इंच सैल बेतला. पुढच्या शनिवारी भजनाआधी तिने बाहीचं कापड चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं. "बगा, देवानं ऐकलं." बायकांनी मारुतीला हात जोडले. मी खाली मान घालून टाळ वाजवत राहिले.

त्यानंतर आणखी दोनदा तिने माप दिलं. दोन्ही वेळा मी तेच केलं.

* * *

देवळाच्या मांडवात आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं. वजनाच्या काट्यापाशी एक मुलगी मोठ्याने आकडा सांगायची आणि दुसरी लिहून घ्यायची. जयवंती मुद्दाम पहिली गेली. चप्पल काढून, देवाकडे बघून काट्यावर चढली.

"ब्याण्णव," मुलगी म्हणाली.

उपास धरायच्या आधी डॉक्टरांकडे अठ्ठ्याऐंशी भरलं होतं. जयवंती म्हणाली, "बाय, तुजा काटा बिगडलाय." मुलीने हिराकाकींना चढवलं. एकेचाळीस. काकींचं वजन गेली दहा वर्षं एकेचाळीसच आहे. काटा बरोबर होता.

जयवंतीने बायकांकडे बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी ती दुकानात आली. बसली नाही. "किती खोटं बोललीस?"

मी वही उघडून दाखवली. वहीत मी खरे आकडे लिहिले होते.

तिने एकेका आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी गोळ्या बंद केल्या. देव करतोय म्हटल्यावर गोळ्या कशाला? नारल दिला मी त्याला, तुज्या टेपच्या भरवशावर."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "तू नको रडू. तू रडलीस तर मना समजूत काढावी लागंल." आणि गेली.

* * *

गोळ्या तिने परत सुरू केल्या, पण मधल्या काळात बाजारात मासळीचा क्रेट पायावर पडून जखम झाली होती ती भरेना. शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. मी हॉस्पिटलात भेटायला गेले. दारात उभी राहिले, आत जायचा धीर होईना. तिनेच हाक मारली.

शेजारच्या खाटेवर मुरबे गावची एक बाई होती. तिने विचारलं, "ही कोण, बहीण का?"

जयवंती म्हणाली, "आमच्या मंडलातली. माप चांगलं घेते."

त्या बाईने माझा पत्ता विचारला. मी दिला.

* * *

जयवंती मंडळात येईनाशी झाली. बाजारात मी तिच्यासमोरून गेले की "कोलंबी ताजी हाय" एवढं बोलायची. मी घ्यायचे. असे आठ-नऊ महिने गेले.

मग गेल्या महिन्यात ती दुकानात आली. बरोबर मुलगी, प्राची. प्राचीचं लग्न ठरलंय. ती बोईसरला कंपनीत पॅकिंगला आहे, अंगाने आईवर गेलीय. जयवंती स्टुलावर बसली, पाय लांब करून. प्राची टेपसमोर उभी राहिली. मी माप घेतलं आणि एकेक आकडा मोठ्याने सांगत वहीत लिहिला.

प्राची म्हणाली, "मावशी, दोन इंच कमी धरा. लग्नापर्यंत उतरवते मी. सोळा सोमवार धरलेत."

मी जयवंतीकडे बघितलं.

ती म्हणाली, "हाय तेवढं शिव."

"आई, फोटोत मी केवढी दिसंन."

जयवंतीने उठून प्राचीचा पदर सारखा केला. म्हणाली, "फोटोत तू दिसायला पायजेस."