आत्याबाईंचा शब्द

"स्पाइनल टी.बी. आहे," डॉक्टर म्हणाले. मला काही कळलं नाही, तेव्हा त्यांनी सोपं करून सांगितलं, "मणक्याला क्षय झालाय. हाड पोखरलंय. आता उठायचं नाही, बसायचंही नाही."

लढाईचे दिवस होते. मालक पलटणीबरोबर ब्रह्मदेशात. माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, मला तासगावजवळच्या आमच्या गावाहून बैलगाडीत गवत पसरून सांगलीच्या दवाखान्यात आणलं होतं. कितीतरी महिने पाठ दुखत होती. उसात वाकून वाकून भरून आली असेल, असं समजून मी शेक घेत राहिले. तुमची पाठ अशी दुखत असेल आणि संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर माझ्यासारखा उशीर करू नका.

तेव्हा या रोगावर औषध नव्हतं. छातीपासून कमरेखालपर्यंत प्लास्टर जॅकेट घातलं. ते ओलं असताना चुन्यासारखं लिंपतात आणि वाळलं की दगड होतं. आत खाज सुटली तर बोट जात नसे. कूस बदलायला दोघी बाया लागत. डोळ्यांपुढे नुसती कौलं. जिवंतपणी भिंतीत चिणल्यासारखं वाटायचं.

आत्याबाई रोज सकाळी खाटेशेजारी उभ्या राहून पालीच्या खंडोबाशी बोलायच्या. घरच्या वडीलधाऱ्याला काम सांगावं तसं. "देवा, सुनेला चालवत घरी न्यायची हाय. तुमी हायसा, म्हणून मला घोर न्हाई."

"आवं आत्याबाई, त्यानं न्हाई ऐकलं तर?" मी एकदा चिडून विचारलं.

"ऐकलंय त्यानं. तुला ठाव न्हाई, एवढंच."

मला त्या खात्रीचा राग यायचा. त्या अंगणात फिरून येऊ शकत होत्या, अडकले होते मी. माझ्या तोंडून देवाचं नावही निघत नव्हतं.

पावसाळा सरल्यावर प्लास्टर कापलं आणि एक्स-रे, म्हणजे हाडाचा फोटो, काढला. घरी जायचं म्हणून आत्याबाईंनी माझं लुगडं धुऊन ठेवलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला. "हाड अजून भरलेलं नाही. पुन्हा प्लास्टर घालावं लागेल."

"चालंल न्हवं पोर?" आत्याबाईंनी विचारलं.

"ते आज सांगता येणार नाही."

त्याच दुपारी पुन्हा प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. ओठ हलले, पण शब्द आला नाही. खाटेची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. त्यांना भीती वाटतच नसेल, असं मी इतके दिवस धरून चालले होते.

मग मीच बोलले, मोठ्यानं. "देवा, आत्याबाई म्हणत्यात मी चालत घरी जाणार. त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई." प्लास्टर होतं तेवढंच आवळ होतं, पण कुणीतरी ऐकतंय असं मला पहिल्यांदा वाटलं.

"व्हय," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "तसंच सांग."

तिथून पुढं आम्ही दोघी मिळून सांगत गेलो. उन्हाळ्यात पुन्हा फोटो काढला. "हाड जुळलंय," डॉक्टर म्हणाले. उभी राहिले तेव्हा पाय कापत होते, भोवळ आली. घरी जाताना गावाच्या शिवेवर गाडी थांबवली आणि आत्याबाईंचा खांदा धरून दारापर्यंत चालत गेले.

पाठीला बाक राहिला तो राहिलाच. त्या डॉक्टरांचे आणि मला कुशीवर वळवणाऱ्या बायांचे उपकार फिटायचे नाहीत.

तुमच्यापैकी कुणी असं अडकून पडलं असेल आणि विश्वास बसत नसेल, तर स्वतःला बोल लावू नका. शेजारी जो खात्रीनं मागतोय त्याला मागू द्या. फक्त त्याच्याकडे लक्ष असू द्या. एखाद्या सकाळी त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही. त्या दिवशी तुम्ही बोला.