डॉक्टरांचा पत्ता

चंदनसारचा फ्लॅट आम्ही स्वस्त मिळाला म्हणून घेतला, असं मी सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे तिथं आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. नव्वदच्या दशकात मूल दत्तक घ्यायचं आणि पोटचं म्हणून मिरवायचं, तर नवी वस्तीच बरी.

संस्थेची कागदपत्रं कित्येक महिने चालली होती. लग्नाचा दाखला, यांच्या पगाराचा दाखला, दोघांच्या तब्येतीचे रिपोर्ट. ओळखीच्या दोघांची पत्रं लागायची, ती आम्ही मुद्दाम लांबच्या माणसांकडून घेतली. घर बघायला संस्थेच्या ताई आल्या, तर शेजाऱ्यांना मी त्यांची ओळख नणंद म्हणून करून दिली. ताईंनी बजावलं, "लपवू नका. मुलाला लहानपणीच सांगा, शेजाऱ्यांनाही कळू दे." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय!

मग सुती साडीची घडी पोटाला बांधून मी चार महिने बिल्डिंगमध्ये हिंडले. आठवलं की हसू येतं आणि स्वतःची किळसही येते.

समोरच्या दारातली बाई माझ्याहून चार वर्षांनी लहान, सांडोरची माहेरवाशीण. लग्नाला सहा वर्षं होऊन तिलाही मूल नव्हतं. तरी माझं डोहाळजेवण तिनंच हौसेनं मांडलं. माहेरच्या वाडीतून टोपलीभर फुलं आणली, माझे दागिने स्वतः ओवले. ओटी भरायची वेळ आली तशी मात्र ती आपणहून स्वयंपाकघरात गेली. पाटावर बसलेली मी तिच्याइतकीच रिकामी होते, आणि पाच बायका माझी ओटी भरत होत्या. तेव्हाच उठून खरं सांगायला हवं होतं. एरवी मी एवढी फटकळ, त्या दिवशी पदर पसरून ओटी घेत राहिले.

सगळ्या गेल्यावर तिनं भांडी आवरता आवरता विचारलं, "वहिनी, तुमचे डॉक्टर कुठले हो?"

मी दादरच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. कागदावर नीट लिहून दिला.

पुढं बाळंतपणाला म्हणून माहेरी गेले आणि संस्थेतून अडीच महिन्यांची लेक घेऊन परतले. बाळ चांगलं गुटगुटीत आहे, असं सगळ्या म्हणाल्या. ताई अधूनमधून बाळाला बघायला येत राहिल्या, मी त्यांना नणंदच ठेवलं. कोर्टाचा आदेश हातात आला तो कपाटात साड्यांच्या खाली गेला.

समोरची दादरला जायला लागली. तपासण्या, इंजेक्शनं, एकदा ऑपरेशन. तिथून परत आली की पांढरीफटक दिसायची, आणि माझी लेक धावत जाऊन तिच्या मांडीवर बसायची. उपचारांच्या चौथ्या-पाचव्या वर्षी समोरची मला म्हणाली, "आमचे हे म्हणतात, दत्तक घेऊ या. पण तुम्हाला एवढ्या वर्षांनी झालंच की. मलाही होईल ना?"

"होईल की. धीर धर," मी म्हणाले. बाकीच्या खोटेपणाचं मी काहीबाही समर्थन करू शकते. या चार शब्दांचं नाही.

लेक सात वर्षांची झाली तेव्हा ताई खूपच रागावल्या, म्हणून तिला सांगितलं. तिनं दोन-तीन प्रश्न विचारले आणि खेळायला पळाली. आता ती समोरच्या घरात जाऊन बोलणार हे उघड होतं. मी आपणहून गेले ते मन स्वच्छ होतं म्हणून नव्हे, पकडली जाणार म्हणून.

मागच्याच महिन्यात समोरची दोघं दत्तकासाठी एका संस्थेत जाऊन आली होती. तिचा नवरा तिच्याहून बराच थोरला. त्याचं वय बघून तान्हं मूल मिळणार नाही असं त्यांना सांगितलं होतं. हे मला ठाऊक होतं, तरी आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे चहा पिऊन आले होते.

ती हाताला तेल लावून केळफूल सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. साडीची घडी, माहेर, नणंद, सगळं. तिचे हात थांबले नाहीत.

"त्या डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"मूल होणार नाही म्हणून."

"कधी?"

"तुला पत्ता दिला, त्याच्या दोन वर्षं आधी."