दादाचं टेन्शन

भात चिकट झाला म्हणून दादानं ताट माझ्या अंगावर फेकलं. खोलीत त्याचे दोन मित्र जेवत होते. एक हसला.

"उचल," दादा म्हणाला.

मी उचललं. वरण केसांतून गळत होतं.

दादा डॉक्टर होणार होता. त्यासाठी अकोल्यात क्लास, क्लासजवळ खोली. मेसचं जेवण त्याच्या पोटाला सोसेना, म्हणून गावाकडच्या, नांदगावच्या शाळेतून माझं नाव काढून अकोल्यातल्या शाळेत घातलं आणि मला त्याच्या स्वयंपाकाला पाठवलं. माझंही दहावीचं वर्ष होतं. हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

रविवारी त्याची टेस्ट असायची. मार्क घसरले की पट्टा निघायचा. आईला फोनवर सांगितलं.

"त्याले टेन्शन हाय बाई. तू लहान हायेस, सोस थोडं."

टेन्शन त्याला. मग मला काय होतं? वर्गात कुणी बाक सरकवला तरी मी हातांनी डोकं झाकायची. झोप उडाली होती. बसल्या बसल्या स्वतःचे केस उपटायची. आईच्या मते ते नखरे.

मग दादा भिंतीवर डोकं आपटायला लागला. तेव्हा सगळे धावले. अकोल्यात कुणी पाहील म्हणून बाबांनी अमरावतीचा मानसोपचाराचा दवाखाना गाठला. तिथून आम्हा दोघांना परत अकोल्याला जायचं होतं, म्हणून मीही सोबत. मांडीवर कुकरची पिशवी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणावर हात उगारतो का?"

"नाई जी," आई म्हणाली. "लय गरीब पोरगं हाय."

माझं डोकं फिरलं. मी बाही वर केली.

"मले मारते हा. पट्ट्यानं मारते."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुला झोप लागते का गं?" हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी ढसाढसा रडले.

बाहेर येताच आई कडाडली, "काहून बोलली तिथं? भावाचं नाव खराब केलं तू."

स्टँडवर अकोल्याची गाडी लागली होती. कुकरची पिशवी मी दादाच्या हातात दिली.

"मी येत नाई."

दादाच्या गोळ्या चालू आहेत. त्याला त्या हव्याच होत्या. आई रोज टुमणं लावते, आता निवळला तो, जा. चीड येते. मी नांदगावच्या शाळेत पुन्हा नाव घातलं, तिथंच जाते. त्याच्या आजाराला औषध आहे, ते त्यानं घ्यावं. माझी पाठ त्यासाठी नाही. पुन्हा पट्टा निघाला, तर ही बाही मी पोलीस ठाण्यात वर करणार.