मामांचा डफ आणि अमेरिकेचा सवाल

विदर्भातल्या पहिल्या रॅपच्या सामन्यात मी हरलो.

हे वाचून कोणी इतिहास तपासायला जाऊ नये. त्याची नोंद कुठेही नाही. आमच्या घरात ही गोष्ट माझी बायको सांगायची आणि पाहुणे हातातला चहा सांडेपर्यंत हसायचे. ती गेल्यापासून कोणी सांगत नाही. मला तोंडी विनोद जमत नाही (लेखीही जमत नाही, असं तिचं मत होतं), म्हणून सावकाश, जमेल तसं लिहून ठेवतो आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी नागपुरात एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. इंग्रजी म्हणजे पुस्तकातलं. जिवंत माणसाच्या तोंडून ते ऐकायची वेळ माझ्यावर फारशी आली नव्हती आणि येऊ नये अशीच माझी इच्छा होती. आमच्या गोतावळ्यात मात्र मी इंग्रजी कोळून प्यायलेला समजला जायचो. औषधाची बाटली असो की पंख्याचं खोकं, त्यावरचा मजकूर आधी माझ्यासमोर यायचा. मी तो डोळ्यांपासून जरा लांब धरायचो आणि म्हणायचो, "हं." त्या "हं"वर माझी सगळी प्रतिष्ठा उभी होती.

अशात आतेभाऊ कुवेतहून सुटीवर आला. त्यानं आमच्यासाठी टेपरेकॉर्डर आणला आणि सोबत एक कॅसेट. ती एका गायकाची नव्हती. अमेरिकेतल्या दहा-बारा निरनिराळ्या पोरांची गाणी निवडून एकत्र भरलेली होती. कव्हरवर ती सगळी पोरं उलट्या टोप्या घालून, हाताची घडी घालून उभी होती. फोटो काढणाऱ्यानं त्यांचे पैसे बुडवले असावेत, असे चेहरे!

"तिकडे सध्या हेच चालू आहे. रॅप म्हणतात याले," आतेभाऊ म्हणाला.

आम्ही कॅसेट लावली. बराच वेळ झाला तरी गाणं काही सुरू होईना. मागे धाडधाड ठेका चाललेला आणि पुढे एक माणूस नुसता बोलतोय!

"कोणाचं भांडण होऊन राहिलं बापा हे?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "बंद करा ना! शेजाऱ्यायले वाटन आपल्या घरचं आहे."

मी बंद करायला उठलो, तेवढ्यात पानावर बसलेले डोमाजी मामा ओरडले, "थांब!"

डोमाजी मामा उमरेडचे. गांधीबागेत कापड घ्यायला आले की जेवायला आमच्याकडे असायचे. पोटापाण्याला शेती, पण खरे ते शाहीर. आमच्याकडे डफगाणं असतं. दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात. एकानं डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाऊनच जवाब द्यायचा. हरेल त्याचा डफ जिंकणाऱ्याच्या घरी जातो. मामांचा डफ त्यांच्या वडिलांपासूनचा होता आणि तो आजवर कोणाच्या घरी गेला नव्हता.

मामांचा घास हातातच राहिला होता. "हा तं शाहीर आहे ना बे!"

"मामाजी, हा अमेरिकेतला आहे..."

"असन! तिकडं काय शाहीर होत नाही? पाह्य, कसा बढाई मारून राहिला. मांगं झीलकरी ओळ उचलून राहिले." (शाहिरामागे उभं राहून त्याची ओळ उचलणारे ते झीलकरी.) "आता पाह्यजो, शेवटी हा आपलं नाव घेईन."

आणि खरोखर, त्या अमेरिकन पोरानं शेवटी तीन वेळा ओरडून स्वतःचं नाव घेतलं! मामांनी घास खाली ठेवला.

"मले एवढंच सांग भाचेबुवा, यानं सवाल काय टाकला?"

सगळं घर माझ्याकडे पाहू लागलं. मला त्यातलं अवाक्षर कळलं नव्हतं. ("येस" हा शब्द मात्र मी ओळखला होता.)

"हं," मी म्हणालो.

"हं म्हणजे काय गा?"

पहिल्यांदाच "हं" कमी पडलं. त्या आठवड्यात मी ग्रंथालयातून तत्त्वज्ञानाचं एक जाडजूड पुस्तक आणून वाचत होतो. त्याच्याच गुंगीत तोंडातून निघून गेलं, "तो विचारतो आहे, आभाळ नव्हतं, तेव्हा चंद्र कुठे टांगला होता?"

मामांचा चेहरा उतरला. भात तसाच टाकून ते हात धुवायला उठले. जाताना एवढंच म्हणाले, "जबर सवाल हाये."

मला वाटलं, विषय संपला. पण डफगाण्याची एक रीत मी विसरलो होतो. कानावर पडलेल्या सवालाचा जवाब सुचत नाही, तोवर शाहिरानं डफाला हात लावायचा नाही. डफ खुंटीला टांगायचा आणि त्याचं तोंड भिंतीकडे करायचं.

दिवाळीच्या तोंडावर मामी उमरेडच्या एसटीनं एकट्याच आल्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, "तुह्या चंद्रानं माह्या घराची वाट लावली!"

"काहून मामी, काय झालं?"

"मानूस जेवता जेवता वर पाहते. परवा छपराचे कवेलू मोजत बसला होता. मी म्हटलं पाणी गळते काय, तं म्हणते, चंद्र कुठं टांगला असन ते पाहून राहिलो! दिवाळीनंतरच्या मंडईत कन्हानच्या तुळशीराम शाहिराशी सामना लागला आहे, अन् डफ बसला रुसलेल्या जावयासारखा भिंतीकडं तोंड करून. आता तूच काय ते पाह्य!"

मंडई म्हणजे दिवाळीनंतर भरणारी आमच्याकडची जत्रा. ती त्या वर्षी नेमकी आमच्याच वस्तीच्या मैदानात भरणार होती आणि मामा न गाता हरणार होते. मी उमरेडला धावलो.

"मामाजी, तो सवाल अमेरिकेतल्या माणसानं अमेरिकेतल्या माणसाला टाकला. तुमचा काय संबंध?"

"माह्या कानावर पडला ना? मंग माह्याच हाये."

खरं सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. पण मग माझ्या "हं"चं काय झालं असतं? मी घाईघाईनं म्हणालो, "मग तुम्ही तो पुढे तुळशीराम शाहिराला टाका!"

सवाल पुढे टाकला की डफ मोकळा! मामा एकदम उभे राहिले. मान मागे टाकून हसले. खुंटीवरचा डफ फिरवून त्याचं तोंड माणसांकडे केलं. मामींनी माझ्यापुढे चिवड्याची ताटली ठेवली. मी पहिला घास घेतो न घेतो तोच मामा म्हणाले, "पण लोकायले पुरावा पाहिजे. आपण कॅसेटच लावू मंडईत. अन् तू मंचावर उभा राहून अर्थ सांगजो."

तो चिवडा आजही मला आठवतो. दुसरा घास मी घेतलाच नाही.

मंडईच्या दिवशी दुपारी मैदान भरून वाहत होतं. तुळशीराम शाहीर कन्हानहून आपला फड घेऊन आले होते. मिशा एवढ्या की बोलायला सुरुवात केली की आधी त्या हलायच्या. टेपरेकॉर्डरपुढे माईक धरला आणि अमेरिकेचा शाहीर भोंग्यातून गरजला. बैलगाडीचे दोन बैल जागच्या जागी उलटे फिरले. एक आजीबाई "कोन मेलं वं?" म्हणत शेजारणीला बिलगल्या.

मग मी पुढे झालो आणि गंभीर आवाजात अर्थ सांगितला. आभाळ. चंद्र. टांगणं.

"वाह!" मैदान म्हणालं. तुळशीराम शाहीर डफावर बोटं फिरवत राहिले. त्यांना जवाब सुचेना. मामा माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होते की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला.

इतक्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "बाबा, तो असं काही म्हणतच नाही आहे."

चष्मा लावलेली एक मुलगी उभी होती. ही तुळशीरामांची मुलगी शालिनी. कामठीच्या एका कॉन्व्हेंटात शिकवते, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. मी टेपरेकॉर्डर उचलू लागलो.

"मास्तर, ते पुन्हा लावता काय?"

मी लावलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. "मलाही अर्धंच समजलं. पण त्या अर्ध्यात चंद्र नाही. तो म्हणतो, माझे बूट नवे आहेत. असे बूट गावात दुसऱ्या कोणाचे नाहीत. शनिवारी सगळे नाचायला या."

मामांनी हळूच मान वळवली.

"भाचेबुवा. बूट?"

"मामाजी, त्या बुटांचा एक आध्यात्मिक अर्थ..."

पुढचं कोणाला ऐकूच गेलं नाही. अख्खी मंडई हसत होती. चिवडेवाला तर तराजू खाली ठेवून हसत होता!

"खोटा सवाल! डोमाजीचा डफ घ्या!" कन्हानची मंडळी ओरडू लागली. मामांनी डफ छातीशी धरला. पण तुळशीरामांनी हात वर केला.

"सवाल खोटा कसा? मले कुठं जवाब सुचला? पण बूटवाल्याचा नाही, तं हा सवाल आहे कोणाचा?"

"माझा," मी म्हणालो. समोर माईक आहे हे विसरलो होतो. भोंगा म्हणाला, "माझा!"

"मंग गा तूच. ज्याचा सवाल, त्यानं डफ धरावा."

रीतच ती! मामांनी वडिलांचा डफ माझ्या हातात दिला. मी आयुष्यात गायलो नव्हतो. आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवायचो. मागे झीलकरी उभे राहिले, ढोलकीवाल्यानं ठेका धरला आणि माझं डोकं कोऱ्या पाटीसारखं झालं. तोंडाला सवयीनं येणारी एकच गोष्ट माझ्याजवळ होती. आठवीच्या वर्गाकडून मी रोज सकाळी घोकून घ्यायचो ती.

"गो वेन्ट गॉन!" मी किंचाळलो. "डू डिड डन!"

झीलकऱ्यांचं काम ओळ उचलण्याचं. अर्थ त्यांना कधीच लागत नाही. "गॉन गॉन गॉन, डन डन डन, जी जी जी!"

टाळ्या पडल्या! मला चेव आला. कॅसेटच्या कव्हरवरची पोरं आठवून मी हाताची घडी घालायला गेलो, तर डफ पडता पडता वाचला. मग मामांच्या डोक्यावरची टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर उलटी घातली. (गांधी टोपी उलटी घातली तरी सुलटीच दिसते, हे नंतर लक्षात आलं.) थोडा वेळ का होईना, मीच अमेरिका होतो!

माझा दम संपला तेव्हा शालिनी मंचावर आली. वडिलांच्या हातातला डफ तिनं घेतला. मला वाटलं, आता चाल लावेल. पण चाल नव्हतीच. ती ठेक्यावर नुसती बोलत होती, भराभर, थेट त्या कॅसेटमधल्या पोरांसारखी.

"आभाळ नव्हतं, चंद्र नव्हता, नव्हती खुंटी-दोरी,
मास्तरच्या डोक्यामंदी होती जागा कोरी!
कोऱ्या जागी चंद्र टांगून मारली यानं थाप,
बूटवाल्याचं नाव लावलं अन् फसला आपोआप!"

मैदान उसळलं. सवाल जिथून निघाला, तिथेच त्याचा जवाब मिळाला होता. आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्याच झीलकऱ्यांनी ओळ उचलली, "होती जागा कोरी, जी जी जी!" सगळ्यांत मोठा "वाह!" कोणाचा होता? डोमाजी मामांचा! तो म्हणून झाल्यावर त्यांना आठवलं की आपण हरलो आहोत. त्यांनी डफ कपाळाला लावला आणि तुळशीरामांच्या हाती दिला.

परतताना ते मला एवढंच म्हणाले, "सवाल तुह्या, हार तुही, अन् डफ गेला माह्या. ज्यानं घालवला, त्यानं आणावा."

म्हणून मी दर रविवारी कन्हानला जाऊ लागलो. तुळशीराम म्हणायचे, "पोरीले हरव अन् घेऊन जा." पोरगी ओट्यावर वह्या तपासत बसलेली असायची.

"आज काय आणलं मास्तर? सूर्य?"

मी नवा सवाल टाकायचो. ती वहीतून मान वर न काढता जवाब द्यायची. मी हरायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. उन्हाळा लागता लागता दोघांच्याही लक्षात आलं की मी डफाबद्दल विचारणं केव्हाच सोडून दिलं आहे. शेवटी मामाच मागणी घालायला कन्हानला गेले. लग्नाच्या दिवशी तुळशीरामांनी डफ मुलीसोबत पाठवला. आम्ही दोघं पाया पडायला वाकलो, तर मामांनी आधी डफाचं कातडं वाजवून पाहिलं आणि मग आशीर्वाद दिला.

मामा थकले तेव्हा त्यांनी तो डफ शालिनीला देऊन टाकला. मी शेजारीच बसलो होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तो आमच्या बैठकीत टांगलेला आहे, तोंड माणसांकडे करून. आमचा वाद झाला की ती उठून त्यावर दोन थापा मारायची आणि मी चहा ठेवायला आत जायचो. संसार तसा सुखाचा झाला.

आता आपल्या नागपूरची पोरंही आपल्याच बोलीत रॅप करतात. माझी नात मोबाइलवर ते ऐकत असते. परवा तिनं विचारलं, "आजोबा, आपल्याकडे पहिलं रॅप कोणी केलं?"

मी घसा साफ केला. हाताची घडीही घातली. "तसं पाहिलं तर..."

"आजीनं ना? आजीनंच सांगितलं होतं मला. मग तुम्ही कोण होते?"

मी भिंतीवरच्या डफाकडे पाहिलं. इथे "हं" चालणार नव्हतं.

"तिचा झीलकरी," मी म्हणालो. "जी जी जी, एवढंच माझं काम."

आणि त्यातही, शालिनीचं म्हणणं, मी नेहमी एक जी कमी घ्यायचो.