खारकेचा तुकडा

बैलगाडी नळदुर्गाच्या वेशीतून बाहेर पडली तेव्हा माझ्या मांडीवर फडक्यात बांधलेला केळ्याचा रोट होता, अजून कोमट. मी वळून पाहिलं. अव्वा, म्हणजे आमची आई, वेशीपाशी उभी होती आणि तिला बिलगून शेजारची राबिया. घर सोडून मी चालले होते, अन् अव्वाचा हात राबियाच्या डोक्यावर. तिथं माझ्या पोटात जे जळायला लागलं ते काही विझलं न्हाय.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं उठून आलेल्यांनो, तुम्हाला ते दिवस ठाऊकच आहेत. निजामाचं राज्य, रझाकारांचं भय. तरण्या लेकीसुनांना हद्दीपलीकडं सोलापूरला धाडत होते. माझ्या नवऱ्याला तिथं गिरणीत काम मिळालं. दुकान सोडून माझे वडील, अप्पा, हलेनात, आणि अप्पांना सोडून अव्वा.

रोट आमच्याकडं असा व्हायचा: काळी पडलेली केळी कुस्करून त्यात गूळ, तूप, कणीक, चिमूटभर खायचा सोडा. मग बदामाचे काप, शेंगदाणे, मनुका, उन्हाळ्यात वाळवलेल्या खरबुजाच्या बिया, वरून तीळ. सकाळचे पाव निघाले की पाववाल्याच्या भट्टीत ऊब उरायची, तिथं गल्लीतल्या बाया आपापली ताटं पाठवायच्या. भट्टी मुसलमानाची म्हणून आमची चुलती त्या रोटाला शिवायची न्हाय. अव्वानं ते कधी मनावर घेतलं न्हाय. ताटं बदलू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण असायची. आमची खूण म्हणजे मधोमध दाबलेली अख्खी खारीक. रोट कापला की खारकेचा तुकडा माझा. एकुलत्या एक लेकीचा तो हक्कच होता.

सोलापुरात मी स्टोव्हवर पातेल्यात वाळू तापवून रोट करून पाहिला. खालून करपायचा, मधे कच्चा. गिरणीचा भोंगा झाला की नवरा घरी यायचा आणि मुकाट्यानं खायचा, बिचारा. मला वाटायचं, अव्वानं मला काहीतरी सांगायचं राखलं आणि ते राबियाला सांगितलं.

पोलिस ॲक्शन झाली, वाटा मोकळ्या झाल्या, तशी मी माहेरी गेले. बघते तर आमच्या चुलीपुढं राबिया, आणि खारीक दाबतेय तीच. अव्वा कौतुकानं म्हणाली, "हिच्या हाताला लई चव आहे बघ." झालं. पोट दुखतंय म्हणून मी रोटाला हात लावला न्हाय, दुसऱ्या दिवशी परत निघाले. त्या वाईट दिवसांत राबियाच्या घरच्यांनीच माझ्या आईबापाला सांभाळलं, हे मला कळत होतं. उपकार मानत होते आणि जळतही होते.

अव्वा गेल्यावर पुढं कधीतरी राबिया सोलापूरला आली, माझ्याच घरी उतरली. आता केस पिकलेले, लग्न होऊन हैदराबादेत स्थिरावलेली. चहा घेता घेता तिनंच विषय काढला. हैदराबादेत रोट तिलाही जमत नव्हता. अव्वानं खरी गोष्ट पोटच्या लेकीला सांगितली असणार, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. म्हणजे हीही जळत होती तर. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

मग ती म्हणाली, "अक्का, तुम्ही गेल्यावरही खारकेचा तुकडा तुमचाच असायचा. अव्वा तो आधी काढून फडताळात ठेवायच्या. म्हणायच्या, माझी लेक आली तर?"

माझे डोळे भरून आले. ते पदरानं पुसून विचारलं, "मग तो खायचं कोण?"

राबियानं कपातल्या चहाकडं पाहिलं. "मीच की. दुसऱ्या दिवशी शिळा झाला की अव्वा मला द्यायच्या."

आता नळदुर्गात आमचं कुणी न्हाय. माहेर म्हटलं की मला ते फडताळ दिसतं, त्यात माझ्या वाटचा तुकडा, आणि त्याची चव माहीत असलेली राबिया. तिला मी पुन्हा बोलावलंय. रोट बिघडला तरी खारीक मीच दाबणार, आणि यावेळी तो तुकडा मी खाणार.